सूचना : प्लगमधला फ्यूज तपासा

ब्रिटनमधल्या सर्व सभासदांसाठी. प्लगमधला फ्यूज मुख्यतः वायरीचं रक्षण करतो. पातळ वायरीवर १३ अँपिअरचा फ्यूज असेल, तर तो उडण्याआधी वायर तापून वितळू शकते.

उपकरणावरचे वॅट्स भागिले २३०, म्हणजे अँपिअर. साधारण ७०० वॅटपर्यंत ३ चा (लाल), त्यावर १३ चा (तपकिरी). दिवा, टीव्हीला ३. किटली, इस्त्री, हीटरला १३. उपकरणावर किंवा प्लगवर वेगळा आकडा छापला असेल तर तोच पाळा.

भारतातून आणलेल्या ७५० वॅटच्या मिक्सरकडे खास लक्ष द्या. हिशेबाने ३.३ अँपिअर येतात, सुरू होताना क्षणभराचा प्रवाह त्याहून मोठा. ३ चा फ्यूज वाटण घट्ट असलं की उडू शकतो. वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची असेल तर ५ चा (काळा) घाला. प्रवासी अडॅप्टरवर मिक्सर रोज चालवू नका, इथला प्लग बसवून घ्या. जुनी लाल वायर प्लगमधल्या एल (लाइव्ह) खुणेला, काळी एनला (न्यूट्रल), हिरवी अर्थला.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडाला तर मोठा घालू नका, चांदीचा कागद तर मुळीच नको. दोष उपकरणात किंवा वायरीत आहे. नवा फ्यूज घेताना त्यावर बीएस १३६२ (ब्रिटिश मानकाचा क्रमांक) लिहिलेलं पाहा. एका एक्स्टेंशनवर किटली आणि हीटर एकत्र लावू नका. प्लग हाताला गरम लागला तर तो वापरणं लगेच थांबवा.