बाईकच्या वायरिंगशी खेळ नको

संपादक महोदय, स.न.वि.वि.

बाईकला फॉगलॅम्प लावताना बरेच जण हेडलाइटचीच वायर सोलून तिथेच जोड मारतात आणि वर टेप गुंडाळून मोकळे होतात, हे खरंच धोक्याचं आहे. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर ९ अँपिअरच्या वर करंट खेचतात, ती बारीक वायर आणि स्विच एवढ्यासाठी बनलेलेच नसतात, मग इन्सुलेशन वितळतं. रिले, म्हणजे थोड्याशा करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावा ना! बॅटरीची प्लस वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, दिवे ८७ ला, स्विचचा थोडासा करंट फक्त ८५-८६ मधून. आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळच हवा, दिव्याजवळ लावला तर मधली वायर हँडलपाशी घासून शॉर्ट झाली तरी तो उडणारच नाही. मेकॅनिक लोकांनी तर फ्यूजशिवाय असलं काम हातातच घेऊ नये.

- एक बाईकवाला