सिंहस्थात परतीचा रस्ता कोणता?

महोदय,

कालच्या अंकातली नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीची बातमी वाचली. किती कोटी भाविक येणार, कॅमेरे कुठे लागणार, एआय गर्दी कशी मोजणार, सगळं आलं. स्नान उरकल्यावर माणूस बाहेर कुठून पडणार, यावर एक ओळ नाही. पंचवटीत राहणाऱ्याला पहिला प्रश्न तोच पडतो.

२७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थातच सरदार चौकात चेंगराचेंगरीत ३९ जीव गेले. रामकुंडाकडचा अरुंद उतार, पुढे बॅरिकेड, मागून लोंढा. त्याच धसक्याने २०१५ च्या पहिल्या पर्वणीला शहरभर इतके बॅरिकेड लागले की भाविक पायपीट करूनच थकले. माझी आई तेव्हा सत्तरीच्या पुढची. उभा जन्म पंचवटीत काढलेली बाई, आणि स्नानानंतर स्वतःच्या घरी जायला तिला वाट मिळेना. एका नाक्यावर सांगितलं पुढून जा, पुढच्यावर सांगितलं मागे फिरा. बंदोबस्तावरची मुलं बाहेरगावची, पहाटेपासून उपाशी उभी. त्यांना ना गल्ली ठाऊक ना घाट. त्यांना तिथे नुसतं उभं करणाऱ्यांचा मला राग आहे. शेवटी आईला चक्कर आली. एका अनोळखी बाईने तिला ओट्यावर बसवून पाणी दिलं आणि घरामागच्या बोळातून वाट दाखवली. असे बोळ स्थानिकांनाच माहीत असतात, आणि स्थानिकांना कोणी विचारत नाही.

कॅमेऱ्यात गर्दी दिसेल, मान्य. पण एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं दाटली की कोणाचे पाय कोणाच्या ताब्यात राहत नाहीत. मग नियंत्रण कक्षात बसून काय करणार? प्रयागराजच्या कुंभमेळ्यात २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे चेंगराचेंगरीत सरकारी आकड्यानुसारच ३० माणसं गेली. कॅमेरे तिथेही होते.

पहिलं अमृत स्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. प्रत्येक घाटाचा येण्याचा आणि जाण्याचा रस्ता आत्ताच जाहीर करा, लोकांना त्यावर बोलू द्या. प्रत्येक नाक्यावर पोलिसासोबत त्या भागातला एक माणूस ठेवा. आदल्या रात्री पत्रकं वाटून काही होत नाही.

आणखी एक. साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा विचार कायमचा सोडा. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, झाडं आम्हाला रोज लागतात. नाशिककरांनी त्यावर हरकती घेतल्या, त्याचा उल्लेखही तुमच्या बातमीत हवा होता.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक