बसऱ्याला जायच्या आधी

कोपरी, ठाणे (पूर्व)
रविवार

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तू ईदच्या सुट्टीत बसऱ्याला जाऊन येतो म्हणालास आणि आईने न बोलता फोन माझ्या हातात दिला. मी "बघू" म्हणालो. तो विषय या पत्रात काढणार नाही. पहिल्या महायुद्धात तिकडे इराकात गेलेल्या आणि परत न आलेल्या सखाराम पणजोबांचा माग कसा काढायचा तेवढंच लिहितो. ते काम कुवेतमध्ये खोलीत बसून होण्यासारखं आहे.

त्यांचं पदक आता माईआत्याकडून इथे आलंय. चांदीचं आहे, ३६ मिलिमीटर. एका अंगाला पंचम जॉर्ज, दुसऱ्या अंगाला घोड्यावरचा उघडा स्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. चांदीचं आहे हे बरं झालं, कारण मजूर तुकड्यांना तेच पदक ब्राँझचं मिळालं. पण वाचायचं असतं ते कडेवर. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं तिथे बारीक ठशात. आपल्या पदकावर पणजीने वर्षानुवर्षं चिंच फिरवल्यामुळे नंबरातला तिसरा आकडा ३ आहे की ८ ते कळत नाही. '११०' आणि पुढचा 'एम' मात्र साफ आहेत. कडेचे फोटो वेगळे पाठवतोय. ते काढताना टॉर्च जवळजवळ आडवा धरायचा म्हणजे खोलगट अक्षरांत सावली पडते, आणि पदक थोडं थोडं फिरवत न्यायचं. ब्रासो, पितांबरी काहीही लावायचं नाही. बंडूला हे सांगून ठेव, तो उत्साही आहे.

११० म्हणजे ११० मराठा लाइट इन्फन्ट्री. १९२२ च्या फेररचनेत तिची पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. जुन्या कागदांत जुना आकडा, नव्या पुस्तकांत नवा, त्यामुळे माणसं चुकतात. दुसरी चूक नंबरावर विसंबण्याची. तेव्हा नंबर पलटणीपुरता असायचा. तोच आकडा १०३ मध्ये आणि ११७ मध्येही दुसऱ्या कुणाचा असणार. पलटण जुळल्याशिवाय नंबर जुळला म्हणायचं नाही.

आता कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर शोध. आडनावाने सुरुवात करू नकोस. कदमचं स्पेलिंग साहेबाच्या कारकुनाने काय केलं असेल ते तोच जाणे, आणि कित्येक शिपायांचं आडनाव घातलेलंच नाही. आधी पलटण निवड, सन १९१५ ते १९१८ धर, मग नावातली पहिली तीन-चार अक्षरंच टाक. 'सखाराम'ला एच असेल, नसेल. खरी ओळख पटते ती शेवटच्या माहितीच्या ओळीत: अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा. आपल्याला राघोजी हवा, खेड हवं आणि रत्नागिरी हवं. नुसतं खेड पाहून हुरळू नकोस, पुणे जिल्ह्यातही खेड आहे. आणि रत्नागिरी जिल्हा म्हणजे तेव्हा सावंतवाडीच्या हद्दीपर्यंतचा, सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा निघाला. आयोगाकडे ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ एवढ्याच काळातले मृत्यू आहेत. घरी परतून त्या तारखेनंतर वारलेला माणूस तिथे सापडणार नाही.

तारीख सापडली की तिच्यावरून बरंच उलगडेल. २२ नोव्हेंबर १९१५ च्या आसपासची असेल तर टेसिफोन, म्हणजे सलमान पाकची लढाई. ७ डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंतची असेल तर बहुधा कुतचा वेढा, म्हणजे तुर्कांनी इराकातल्या कुत गावाला घातलेला. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी जनरल टाउनशेंडबरोबर आत अडकल्या होत्या. घोड्याचं मांस खायला आपल्या शिपायांनी शेवटपर्यंत, म्हणजे एप्रिल उजाडेपर्यंत, नकार दिला आणि स्कर्व्हीने हिरड्या सुजून माणसं पडली. शरणागतीनंतरची तारीख असेल तर कैदेतला मृत्यू असू शकतो: बगदाद, मोसूल, रास अल-ऐन, रेल्वेच्या कामावर. सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली होती. वाटेत गेलेल्यांना कबर नाही की चिता नाही.

म्हणूनच मी म्हणतो की तिथे जाऊन तू काय वाचणार? बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त माणसांची आठवण ठेवली आहे हे खरं. पण भिंतीवर नावं गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. हिंदी शिपायांचा पलटणीखाली फक्त आकडा आहे. सखाराम त्या आकड्यातला एक. नाव आहे ते रजिस्टरमध्ये, आणि ते तू मोबाइलवर बघू शकतोस. शिवाय स्मारक बसऱ्यात नाहीच. १९९७ मध्ये ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर लांब नेलं, तेही पहिल्या आखाती युद्धाच्या रणभूमीच्या मधोमध. त्या मातीत काय काय पुरलेलं असेल, कोण सांगणार? सुट्टीत फिरायची ती जागा नव्हे.

विषय काढणार नाही म्हटलं होतं. राहू दे.

गावाकडचं काम मी करतो, महसुलातली उभी हयात त्यात गेली आहे. तरी तुला माहीत असावं. जमीन राघोजीच्या नावावर होती, म्हणजे वारस फेरफार दोन लागणार. सगळे जण १९१६ चं फेरफार रजिस्टर उघडतात आणि हात हलवत परत येतात. बेपत्ता माणसाला मृत धरायला पुरावा कायद्याच्या १०८ कलमाप्रमाणे सात वर्षं जावी लागत. पलटणीचा दाखला घरी आला नसेल तर सखारामची नोंद १९२३ च्या नंतर शोधायची. आजी म्हणायची, पणजीने बरीच वर्षं कुंकू पुसलं नव्हतं, दिरांनी बोलून बोलून शेवटी पुसायला लावलं. त्या दिरांना जमीन नावावर करून घ्यायची होती असं माझं मत. माईआत्या चिडते मी असं म्हटलं की.

फेरफाराच्या जोडीला कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही. दोन्ही मोडीत असतात. कुणबी नोंदींच्या धावपळीपासून तहसिलात मोडी वाचणारे मिळतात, पण भराभर वाचून देतात, म्हणून मूळ पानाचा फोटो मागून घ्यायचा. 'सखाराम बिन राघोजी' असंच सापडेल. गावच्या चावडीजवळची संगमरवरी पाटी तू लहानपणी पाहिली आहेस. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. तिच्यावरही आकडाच आहे.

लालबागच्या गिरणीत तो किती वर्षं होता, हा मागोवा मात्र सोड, तिथे हाती काही लागायचं नाही. मुंबईत वीतभर जागेत आठ जणांनी राहायचं, पाळ्यांनी झोपायचं, आणि एक दिवस भरतीवाल्याच्या मागे जायचं. गावाला पत्ताच नाही. पैसे यायचे थांबले तेव्हा कळलं. तो मुंबईला आला तेव्हा अठराचा, पलटणीत गेला तेव्हा फार तर बाविशीचा. तू सत्तावीसचा आहेस, स्वतःच्या पगारावर उभा आहेस, चांगल्या कंपनीत आहेस, मी चारचौघांत सांगतो. पण कुणाला न विचारता पुढे चालायला लागायची सवय या घरात कुठून आली ते आम्हाला दिसतं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरतंय, तिला रात्री झोप नाही, आणि तू नकाशा पाठवतोस, "बाबा, फक्त दीड तास". भाषण झालं. माफ कर. तू मोठा आहेस.

पलटणीची रोजनिशी वाचायची असेल तर लंडनला क्यूच्या अभिलेखागारात डब्ल्यूओ ९५ या मालिकेत शोध. शिपायांची नावं तिच्यात क्वचितच मिळतील, पण कोणत्या दिवशी तुकडी कुठे होती ते तारखेनिशी कळतं. सखारामची तारीख मिळाल्यावरच वाच, आधी वाचलीस तर नुसताच गोंधळ होईल. रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आहे. तिथे पत्र मी लिहितो, नंबरातला तो आकडा ठरला की.

फोटो मोठे करून बघ आणि ३ की ८ ते कळव. माईआत्या ८ म्हणते, मला ३ वाटतो.

तुझे,
बाबा

ता. क. कुवेत-इराक सीमेवरच्या सफवानच्या नाक्यावर काय काय कागद लागतात ते तू विचारलं होतंस. मी चौकशी केलेली नाही, करणारही नाही.