‘कम्फर्टेब्ली नंब’ ऐकल्यानंतर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे ‘कम्फर्टेब्ली नंब’ (म्हणजे ‘सुखाने बधिर’) हे गाणे ऐकले की मन शांत होते, असे तू मागच्या पत्रात लिहिले होतेस. त्यानंतर मी ते गाणे शब्द समोर ठेवून पाच-सहा वेळा ऐकले. हे नशेचे गाणे आहे असे पुष्कळ जण म्हणतात आणि तुझाही तसाच समज दिसतो. मला मात्र ते तसे वाटत नाही.

बँडचे गीतकार रॉजर वॉटर्स यांच्या या ओळींमागे १९७७ सालचा फिलाडेल्फियातला एक प्रसंग आहे. कार्यक्रमाआधी त्यांच्या पोटात विलक्षण दुखू लागले, डॉक्टरने इंजेक्शन दिले आणि हात उचलणेही कठीण झालेल्या अवस्थेत त्यांनी तो कार्यक्रम पार पाडला. १९७९ सालच्या ‘द वॉल’ या अल्बममध्ये तोच अनुभव पिंक नावाच्या गायकाच्या वाट्याला येतो. म्हणूनच या गाण्यात दोन माणसे बोलतात: कडव्यांत डॉक्टर, ध्रुवपदात पिंक. आत कुणी आहे का, कुठे दुखते ते दाखव, असे डॉक्टर मायेने विचारतो खरा. पण त्याला दुखणे बरे करायचे नसून रोग्याला कसेबसे उभे करून मंचावर पाठवायचे आहे.

पिंक उत्तर देतो ते बालपणीच्या तापाचे, ज्यात त्याला आपले हात फुग्यांसारखे वाटले होते. ही ओळ ऐकताना मी थांबलेच. तू चार वर्षांचा असताना तापात ‘आई, माझी बोटं उशीएवढी झाली’ म्हणून रडत होतास आणि मी तुझा हात धरून एकेक बोट मोजून दाखवत रात्रभर बसले होते. पिंकला तीच भावना पुन्हा येते, पण त्याचा हात धरायला कुणी नाही, आणि हे समजावून सांगता येणार नाही, तुला कळणारच नाही, असे तो म्हणून टाकतो. वेदना झेपेनाशी झाली की मन ती जाणवूच न देण्याची सोय करते. मात्र नेमके दुःख तेवढे बंद करणे मनाला जमत नाही, त्याच्याबरोबर आनंद आणि ओढही जाते. लहानपणी डोळ्याच्या कोपऱ्यातून ओझरते दिसलेले काहीतरी वळून पाहीपर्यंत नाहीसे झाले, आता ते मूलही मोठे झाले आणि स्वप्नही गेले, एवढी मोठी हानी पिंक संथ आवाजात सांगतो. मला भीती वाटली ती त्या संथपणाची.

तुला शांत का वाटते, याचे उत्तर मला चालीत सापडले. कडवी बी मायनर या उदास वाटणाऱ्या सुरावटीत आहेत आणि ध्रुवपद डी मेजर या उजळ सुरावटीत, म्हणजे बधिरतेची कबुलीच सर्वांत उजळ सुरांत येते. बँडचे गिटारवादक डेव्हिड गिलमोर यांचे अखेरचे गिटार मात्र पुन्हा कडव्याच्या बी मायनरवर परतते, आणि पिंकला जे बोलता आले नाही ते तिथे आक्रोश करून उठते, असे मी समजते.

गाण्यावरून गायकाचे निदान करू नये, तसे ऐकणाऱ्याचेही करू नये, हे मला मान्य आहे. तरी तुला शांत वाटते ते ध्रुवपदापाशी की त्या शेवटच्या गिटारपाशी, एवढे कळव. ध्रुवपदापाशी वाटत असेल तर पत्र लिहीत बसू नकोस, फोन कर. रात्रीचे कितीही वाजले असले तरी.

तुझी,
आई