चि. सायलीस, बागेतल्या चाचणीबद्दल

गंगापूर रोड, नाशिक

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. द्राक्षाच्या पानांवरचा ओलावा मोजून डावणी या रोगाचा धोका फोनवर कळवणारं यंत्र ही कल्पना मला मनापासून आवडली. पण चाचणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत, दहा जणांना अर्धा अर्धा तास बसवून घेऊ नकोस. संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझर यांनी १९९१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये सर्वव्यापी संगणनाची मांडणी केली. संगणक रोजच्या वस्तूंत असा मिसळावा की माणसाचं त्याच्याकडे लक्षही जाऊ नये, हाच त्यांचा मुद्दा होता. अशी वस्तू समोर ठेवून ‘आता वापरा’ म्हटलं की जे तपासायचं तेच निसटतं. प्रयोगशाळेत एवढंच बघ की अक्षरं नीट वाचता येतात का आणि सूचना बंद कशी करायची ते कळतं का. त्याला पाच माणसं पुरतात. बाकी सगळं निफाड-दिंडोरीच्या बागांत कर.

आधी एक-दोन फवारण्या नुसत्या उभं राहून बघ. सूचना ज्याच्या फोनवर जाणार तो, फवारणी ठरवणारा आणि ब्लोअर म्हणजे फवारणीचं यंत्र चालवणारा ही तीन वेगळी माणसं असू शकतात. शिवाय बाहेरून येणारा द्राक्ष सल्लागार असतोच. तुझ्या आराखड्यात ‘वापरकर्ता’ एकच आहे. कोणाचा शब्द कोणाकडे जातो ते प्रत्येक बागेसाठी कागदावर काढ, मगच कोणाला काय विचारायचं ते ठरव.

धोका ठरवणारा प्रोग्राम लगेच लिहायला बसू नकोस. सेन्सरचे आकडे बघून तुमच्यातल्या एकाने हाताने सूचना पाठवायची, शेतकऱ्याला मात्र ती यंत्राकडून आल्यासारखीच दिसेल. या पद्धतीला ‘विझार्ड ऑफ ऑझ’ म्हणतात. सूचना कधी पाठवायची याचा नियम लिहून ठेवा आणि पाठवणाऱ्याने तो मोडायचा नाही. स्वतःच्या अंदाजाने एखादी सूचना गाळली तर तुम्ही यंत्र तपासत नाही, त्या मुलाची हुशारी तपासता. पहाटेच्या पाळीलाही माणूस हवा, कारण दव तेव्हाच पडतं. आणि चाचणी संपल्यावर मागे माणूस होता हे शेतकऱ्यांना सांगायचं.

खरी चाचणी ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर ठेव. पोंग्यापासून, म्हणजे डोळा फुटू लागल्यापासून, फुलोऱ्यापर्यंत डावणीची धास्ती असते, परतीचा पाऊसही कधी कधी तेव्हाच येतो. सहा ते आठ घरं, सहा आठवडे. पहिला आठवडा यंत्राने नुसती नोंद ठेवायची, सूचना नाही. म्हणजे ते एरवी काय करतात ते कळेल. मग चार आठवडे सूचना. त्यातला पहिला आठवडा निष्कर्षात धरू नकोस, नव्या वस्तूचं कौतुक असतं. शेवटचा आठवडा सूचना पुन्हा बंद, पण आधी सांगून, आणि हवामान कोरडं असेल तरच. पिकावर जोखीम घ्यायचा आपल्याला अधिकार नाही. त्या आठवड्यात कोणी फोन करून ‘सूचना का येत नाही’ विचारतं का, याची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते.

आता जिथे बहुतेक चाचण्या फसतात ते. शेतीच्या फीडरला वीज पाळीने येते. त्या विजेवर चालणारं यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं आणि घड्याळाला स्वतःची बॅटरी नसली तर तारीख १ जानेवारी १९७० पासून सुरू होते, नोंदी कुठल्या रात्रीच्या ते कळत नाही. नाण्याच्या सेलवर चालणारं घड्याळाचं मॉड्यूल बसव आणि नोंदी आधी मेमरी कार्डावर लिही, नेटवर्क आलं की पाठव. दर १५ मिनिटांनी ‘मी चालू आहे’ एवढा संदेश यंत्राने पाठवलाच पाहिजे. तो नसेल तर ‘कोणी वापरलं नाही’ आणि ‘यंत्रच मेलं होतं’ यात फरक करता येणार नाही. दुसरं, फवारणीचं औषध सेन्सरच्या जाळीवर वाळलं की थोड्या दमटपणातही तो ‘ओलं’ दाखवतो. शेतकरी दोन खोट्या सूचना सहन करेल, तिसरीला फोन बाजूला ठेवेल, आणि तू अहवालात लिहिशील की स्क्रीन आवडली नाही! प्रत्येक फवारणीनंतर जाळी डिस्टिल्ड वॉटरने पुसायची, तारीख लिहायची.

नुसत्या नोंदींवरून ‘का’ कळत नाही. १९७०च्या दशकात शिकागोला मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय आणि सहकाऱ्यांनी पेजर वाजवून लोकांना ‘आत्ता काय करताय’ विचारायला सुरुवात केली. तेच तू फोनवर कर, पण बेताने: दिवसाला तीनच वेळा, दोन प्रश्न, अर्ध्या मिनिटात संपणारे. फवारणी चालू असताना मुळीच नको, हातात मोजे आणि अंगावर औषध असतं. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हॉइस नोट मागव. लिहायला सांगितलंस तर चौथ्या दिवसापासून ‘सर्व ठीक’ एवढंच येईल. मानधन उत्तरांच्या संख्येवर देऊ नकोस, नाहीतर न वाचता बटणं दाबली जातात.

मुलाखतीत ‘आवडलं का’ विचारू नकोस. घरी आलेल्या मुलीला चहा देऊन ‘छान आहे ताई’ म्हणायची आपली रीत आहे. नोंदीचा तक्ता समोर ठेव आणि विचार, ‘मंगळवारी पहाटे ५:१० ला सूचना आली, तेव्हा कुठे होतात? मग काय केलंत?’ आणि हे तू विचारू नकोस. यंत्र बनवणाऱ्याच्या तोंडावर कोणी वाईट बोलत नाही. मैत्रिणीला पाठव.

जॉन ब्रूक यांची दहा विधानांची वापरसुलभता प्रश्नावली लावायची असेल तर लाव. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण; विषम विधानांच्या गुणांतून १ वजा, सम विधानांचे गुण ५ मधून वजा, बेरजेला २.५ ने गुणायचं. आलेला आकडा टक्के नव्हे. साधारण सरासरी ६८ धरतात. सम विधानं नकारार्थी असतात, वाचून दाखवताना लोक ओघात ‘हो’ म्हणतात, तेव्हा थांबून विचार. आठ घरांच्या आकड्यावर निष्कर्ष मात्र काढू नकोस.

संमतिपत्र मराठीत, वाचून दाखवून. केव्हाही बाहेर पडता येईल, सल्लागाराचं ऐकणं थांबवू नका, आणि अमुक तारखेला यंत्र काढून नेऊ, हे तिन्ही त्यात हवं. कॅमेरा लावणार असशील तर बागेत काम करणाऱ्या बायकांनाही विचार, नुसतं मालकाला नाही.

प्रश्नांचा मसुदा रविवारपर्यंत पाठव, म्हणजे छाटणीआधी दोन बागांत कच्ची चाचणी होईल.

तुझी,
आई