मावशी, आईच्या हातात तांब्या तुम्ही दिलात

प्रिय मावशी,

फोनवर सांगायला गेले की घसा दाटून येतो, म्हणून लिहितेय. आणि चार लोकांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आपल्या देशात साठीपुढच्या दर १०० माणसांत सातांहून अधिक जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असल्याचा अंदाज २०२३ साली मांडला गेलाय. म्हणजे किती घरांत आज सकाळी आंघोळीवरून रडारड झाली असेल!

आमच्याकडे तर रोजच. शॉवर सोडला की आई किंचाळायची, "मारतायत मला!" मी तिचे हात धरून कसंबसं उरकायचे आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. तुम्ही आईला सांभाळायला आलात, पहिल्या दिवशी नुसतं बघितलंत. दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या दारातलं काळं पायपुसणं उचललंत. "काकूंना तो खड्डा वाटतोय, ताई. म्हणून पाय पुढे टाकत नाहीत." मी त्याला हट्ट समजत होते. मग बसायला स्टूल, बादलीत कोमट पाणी, खांद्यावर पंचा. आधी पायांवर पाणी, आणि तांब्या आईच्याच हातात. "घ्या काकू, गुडघ्यावर ओता." एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि थांबायचं. अर्धा तास लागायचा. लागू दे, म्हणायचात.

कपडेही घालायच्या क्रमाने पलंगावर मांडून ठेवायचात. पांढऱ्या ताटलीतला दहीभात तिला दिसत नाही, हेही तुम्हीच ओळखलंत.

आणि ती संध्याकाळ. पाच वाजले की आई पिशवी घेऊन दाराशी, "मला घरी जायचंय." मी समजावत बसायचे, अगं हेच तुझं घर. तुम्ही विचारलंत, "घरी कोण कोण असतं हो?" आणि ती सांगत असताना हळूच तिच्यापुढे कापूस ठेवलात. तिने सरकी वेचली, कापूस पिंजला आणि तळहातावर वात वळली. मग दुसरी, अगदी तशीच. त्या दिवशी तिला माझं नाव आठवत नव्हतं.

डॉक्टर नंतर म्हणाले, अल्झायमरमध्ये, म्हणजे आईला झालेल्या डिमेन्शियाच्या प्रकारात, ताज्या आठवणी आधी जातात, हातांच्या जुन्या सवयी बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. तुम्हाला कसं ठाऊक, विचारलं तर म्हणालात, "सासूबाईंचं केलं ना आठ वर्षं."

तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला गावी गेलात. नव्या ताईंना मी तुमची सगळी रीत दाखवलीय. काल आईने आपणहून गुडघ्यावर पाणी ओतलं.

वातींचा डबा भरलाय. थोड्या पुडीत बांधून पाठवतेय. बारशाच्या दिवशी औक्षणाच्या निरांजनात लावा.

तुमची,
ताई