दारूबंदी अमेरिकेनंही करून पाह्यली होती

मा. संपादक साहेब,

दारूबंदीवरचं तुमच्या पेपरातलं पान वाचलं. मी वर्धा जिल्ह्यातला, म्हणजे कागदावर कोरड्या जिल्ह्यातला. आमच्याकडं कापूस वेचायला बाई भेटत नाही पण संध्याकाळी दारूची पन्नी बरोबर भेटते. नाल्याच्या काठी मोहाच्या सडव्याचा (दारू गाळायला सडवलेल्या मोहफुलांचा) ड्रम पुरलेला, वरून पऱ्हाट्या टाकलेल्या, बस्स तेवढीच लपवालपवी.

अमेरिकेत तर १९२० च्या जानेवारीत थेट घटना बदलून अख्ख्या देशात बंदी आणली. बायकांच्या संघटना, चर्चवाले पुढं होते, त्यांचं दुखणं खरंच होतं, पण त्याच गर्दीत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेवालेही घुसले, त्यांना दारूपेक्षा बाहेरून आलेल्या कॅथलिक लोकांचा राग जास्त. दारू काही थांबली नाही, डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळायची (आजारी किती वाढले असतील बघा!), शिकागोत चोरटी दारू विकणारा गुंड अल कपोन गब्बर झाला आणि १९३१ मध्ये अडकला तो दारूत नाही, इन्कम टॅक्समध्ये.

न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीतल्या कॉटन क्लब नावाच्या नाइट क्लबचं तर ऐका, चोरीची दारू, स्टेजवर ड्यूक एलिंग्टनचा जॅझ, वाजवणारे नाचणारे सगळे काळे आणि टेबलावर बसायला फक्त गोरे. नावात कापूस, आम्हा कापूसवाल्यांना हे लवकर समजते.

१९३३ च्या डिसेंबरात त्यांनी बंदी उठवली. आपल्या चंद्रपुरात २०१५ ला लागली, २०२१ ला उठली. मी बंदीच्या विरोधात नाही, माझ्या सख्ख्या काकाचं घर दारूनंच बसलं. फक्त तो ड्रम कोणाचा हे गावात सगळ्यांना माहीत आहे, मग धाड पडायच्या आदल्या रात्री तो जागेवरून हलतो कसा, एवढं कोणी छापा.

एक वाचक, ता. आर्वी